नळाचे पाणी ‘पिण्यास योग्य’. पण जनुकांचे काय?

प्रतिनिधी, जळगाव

मृगाच्या पहिल्या दोन-चार सरी कोसळल्या, की जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांतील वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत एकाच विषयावरचे दूरध्वनी येऊ लागतात. नळाला गढूळ पाणी आले, ही एक तक्रार. पाणी स्वच्छ आहे, पण टीसीएल पावडरच्या वासामुळे पेला तोंडाला लावता येत नाही, ही दुसरी. पालिकांचे उत्तर बहुधा ठरलेले असते : नमुने प्रयोगशाळेत पाठविले होते, पाणी पिण्यास योग्य असल्याचा अहवाल आहे. बातमी चार ओळींत संपते.

‘पिण्यास योग्य’ या शेऱ्यामागे नेमके काय तपासलेले असते, याची चौकशी फारशी कोणी करीत नाही. केली, तर दिसते ते असे, की या शेऱ्यातून दोनच प्रश्नांची उत्तरे मिळतात. पाण्यात विष्ठेतून येणारे जंतू आहेत काय, हा पहिला प्रश्न. आणि क्षार, कठीणपणा, फ्लोराइड, नायट्रेट, लोह यांचे प्रमाण मर्यादेत आहे काय, हा दुसरा. कावीळ, विषमज्वर, गॅस्ट्रो यांच्या साथी रोखण्यासाठी ही तपासणी अत्यावश्यक आहे आणि ती वेळच्या वेळी होणे हीच आपल्याकडे अजून मोठी गोष्ट आहे. तिसरा एक प्रश्न मात्र तिच्यात विचारलेलाच नसतो. हे पाणी वीस-तीस वर्षे रोज पोटात गेले, तर पेशींमधील जनुकांत बदल घडवून आणणारे काही त्यात आहे काय?

अशा बदलाला शास्त्रीय परिभाषेत उत्परिवर्तन म्हणतात आणि तो घडविणाऱ्या रसायनांना उत्परिवर्तक. पेशीचे विभाजन होताना तिच्यातील जनुकांची नक्कल तयार होते. हस्तलिखिताची प्रत करताना लेखनिकाच्या हातून एखादे अक्षर चुकावे, तशा चुका या नकलेतही होत असतात. पेशी त्यातील बहुतेक चुका स्वतःच दुरुस्त करते. दुरुस्तीतून सुटलेल्या चुका पुढच्या प्रत्येक प्रतीत उतरत जातात आणि त्या नेमक्या पेशींच्या वाढीवर नियंत्रण ठेवणाऱ्या जनुकात साचल्या, तर कर्करोगाची सुरुवात होऊ शकते. उत्परिवर्तक रसायने या चुकांचे प्रमाण वाढवितात. तंबाखूच्या धुरात ती आहेत, जळलेल्या तेलात आहेत, कडक उन्हातील अतिनील किरणही तेच काम करतात. पण तंबाखू सोडता येते, उन्हात डोक्यावर उपरणे घेता येते. पाण्याला पर्याय नाही, म्हणून पाण्याच्या बाबतीत हा प्रश्न निराळ्या गांभीर्याने विचारावा लागतो.

जिवाणूंवरची परीक्षा

एखाद्या पदार्थामुळे जनुके बदलतात किंवा नाही, हे पाहण्यासाठी पूर्वी उंदरांवर दोन-दोन वर्षे प्रयोग करावे लागत. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील प्रयोगशाळेत ब्रूस एम्स या जीवरसायनशास्त्रज्ञाने हे काम दोन दिवसांवर आणले. (एम्स यांचे २०२४ मध्ये निधन झाले.) त्यांची युक्ती साधी होती. सालमोनेला जातीच्या जिवाणूंचे असे वाण त्यांनी तयार केले, की ज्यांना वाढीसाठी लागणारे हिस्टिडिन हे अमिनो आम्ल स्वतः तयार करता येत नाही. म्हणजे हे जिवाणू मुळातच एका उत्परिवर्तनामुळे पंगू झालेले असतात. हिस्टिडिनचा जेमतेम अंश असलेल्या बशीत ते पसरले, तर त्यांची वाढ खुंटते. मात्र त्यांच्यात पुन्हा एक उत्परिवर्तन होऊन ती मूळची चूक उलटली, तर तो जिवाणू वाढू लागतो आणि बशीत डोळ्यांना दिसेल असा ठिपका, म्हणजे वसाहत तयार होते.

तपासायचा पदार्थ या बशीत मिसळायचा, ३७ अंश सेल्सिअस तापमानात ४८ तास ठेवायची आणि ठिपके मोजायचे, एवढीच ही परीक्षा. काही ठिपके आपोआपही उमटतात. टीए-९८ या वाणात ते साधारण काही दशकांच्या, तर टीए-१०० या वाणात शे-दीडशेच्या घरात असतात. तपासणीच्या बशीत त्याहून दुप्पट किंवा अधिक ठिपके आले आणि मात्रा वाढविल्यावर ते वाढत गेले, तर पदार्थ उत्परिवर्तक ठरतो. चाचणी अधिक संवेदनशील व्हावी म्हणून या जिवाणूंची जनुके दुरुस्त करण्याची शक्ती काढून घेतलेली असते आणि त्यांचे कवचही झिरझिरीत केलेले असते.

या परीक्षेतील आणखी एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. काही रसायने मूळ रूपात निरुपद्रवी असतात. यकृतात त्यांचे रूपांतर झाले, की ती घातक होतात. जिवाणूला यकृत नसते. म्हणून उंदराच्या यकृताचा अर्क बशीत घालून चाचणी दुसऱ्यांदा केली जाते. अर्क घातल्यावरच ठिपके वाढले, तर तो पदार्थ शरीरात गेल्यानंतर विषारी रूप धारण करतो, असा निष्कर्ष निघतो.

औषध आणि कीटकनाशक कंपन्यांना ही परीक्षा नवी नाही. कोणतेही नवे रसायन बाजारात आणण्यापूर्वी ती द्यावी लागते आणि भारतातील अनेक खासगी प्रयोगशाळा ती रोज करीत असतात. गंमत अशी, की बाटलीत बंद असलेले प्रत्येक रसायन एकेकटे तपासलेले असते. पण शेतातून वाहून, नाल्यातून मिसळून, धरणात साठून आणि वर क्लोरिनची मात्रा मिळून त्या सर्वांचे जे काही तयार होते, ते कोणी तपासत नाही. आपण पितो ते मात्र तेच.

पाणी तपासताना अडचण असते ती प्रमाणाची. उत्परिवर्तक द्रव्ये पाण्यात असलीच, तर लिटरमागे मायक्रोग्रॅमच्या, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाच्या हिशेबात असतात. ग्लासभर पाणी थेट बशीत ओतून काहीच दिसत नाही. त्यासाठी दहा-वीस, प्रसंगी शंभर लिटर पाणी विशिष्ट प्रकारच्या राळेच्या बारीक मण्यांमधून गाळतात. सेंद्रिय रसायने मण्यांना चिकटतात. मग ती ॲसिटोनने धुऊन काढली, की शंभर लिटर पाण्याचा अर्क चमचाभर द्रवात उतरतो. चाचणी त्या अर्कावर होते आणि निकाल ‘लिटरमागे किती वसाहती वाढल्या’ अशा आकड्यात मांडला जातो. आपल्याकडे हे झालेच नाही, असे नाही. अलीगढ मुस्लिम विद्यापीठातील संशोधकांनी उत्तर प्रदेशात कछला ते कन्नौज या टप्प्यातील गंगेच्या पाण्याची अशी परीक्षा केली आणि नदीतील कीटकनाशकांशी तिचा संबंध तपासला. तो अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला.

जंतू मारणारा क्लोरिन

पाण्याच्या बाबतीत या परीक्षेने जो सर्वांत अनपेक्षित धडा दिला, तो कारखान्यांविषयीचा नव्हता. तो होता जलशुद्धीकरण केंद्रांविषयीचा.

१९७४ मध्ये रॉटरडॅमच्या पाणीपुरवठा विभागातील रसायनशास्त्रज्ञ योहानेस रूक यांनी दाखवून दिले, की नदीच्या पाण्यात क्लोरिन मिसळल्यावर त्यात क्लोरोफॉर्म तयार होतो. त्याच वर्षी अमेरिकेतूनही तसाच निष्कर्ष आला. कुजलेला पालापाचोळा, शेवाळ, माती यांतून पाण्यात उतरलेल्या सेंद्रिय आम्लांशी क्लोरिनची प्रक्रिया होते आणि ट्रायहॅलोमिथेन या कुळातील रसायने तयार होतात. अमेरिकेने १९७९ मध्ये त्यांच्यावर लिटरमागे १०० मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली आणि १९९८ मध्ये ती ८० वर आणली. आपल्या भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० या मानकाच्या २०१२ च्या आवृत्तीत कुळातील चार रसायनांसाठी वेगवेगळ्या मर्यादा आहेत. क्लोरोफॉर्मसाठी ती लिटरमागे २०० मायक्रोग्रॅम आहे.

पण पुढचा भाग अधिक विचार करायला लावणारा आहे. एम्स यांच्या जिवाणूंवर क्लोरोफॉर्मचा म्हणण्यासारखा परिणाम होत नाही. तरीही क्लोरिनयुक्त पाण्याचा अर्क बशीत घातला, की ठिपके भराभर वाढतात. याचा अर्थ, पाण्यात दुसरेच काही होते. त्याचा शोध फिनलंडमध्ये लागला. कागदाचा लगदा क्लोरिनने पांढरा करणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्यात १९८० च्या सुमारास एक अतिशय तीव्र उत्परिवर्तक सापडला होता. त्याला पुढे ‘एमएक्स’ असे नाव पडले. तोच पदार्थ नंतर नळाच्या पाण्यातही सापडला. प्रमाण क्लोरोफॉर्मच्या मानाने नगण्य, पण पाण्याच्या एकूण उत्परिवर्तक शक्तीतला मोठा वाटा त्याचा. रसायनांच्या यादीवर बोट ठेवून केलेल्या तपासणीत तो कधीच आला नसता, कारण तो यादीतच नव्हता. जिवाणूंनी आधी सांगितले, ‘येथे काहीतरी आहे’, आणि मग रसायनशास्त्रज्ञांनी ते शोधले.

फिनलंडमधील तळ्यांचे पाणी दलदलीतून आल्याने काळपट, सेंद्रिय द्रव्यांनी भरलेले असते. तेथील नगरपालिकांच्या पाण्याची उत्परिवर्तक शक्ती आणि मूत्राशय व मूत्रपिंडाच्या कर्करोगाचे प्रमाण यांत संबंध असल्याचे १९९० च्या दशकातील अभ्यासांत आढळले. धोक्याची ही वाढ माफक होती, हेही तितकेच खरे. तेथील पाणीपुरवठा यंत्रणांनी क्लोरिन बंद केला नाही. क्लोरिन घालण्यापूर्वी पाण्यातील सेंद्रिय द्रव्ये अधिक काटेकोरपणे काढण्यास सुरुवात केली आणि बशीतील ठिपके कमी झाले.

हे सारे खानदेशात लागू पडते काय? येथे दलदल नाही, तर उन्हाने तडकलेली काळी जमीन आहे. पण निराळ्या कारणांनी परिस्थिती तीच होते. जळगावला पाणी मिळते ते वाघूर धरणातून. अजिंठ्याच्या लेण्यांखालून वाहत येणारी ही नदी. धुळ्याला तापी योजनेतून, तसेच नकाणे, डेडरगाव या तलावांतून आणि पांझरेवरील अक्कलपाडा धरणातून पाणी येते. मे महिन्यात जलसाठे तळाला जातात, उरलेल्या कोमट पाण्यात शेवाळ धरते. जूनमध्ये पहिला पूर गाळ आणि काडीकचरा घेऊन येतो. दोन्ही वेळी तुरटी वाढवावी लागते आणि क्लोरिनही. त्यातच तापमान जितके अधिक आणि पाणी क्लोरिनसह जितका वेळ साठून राहील, तितके हे उपपदार्थ अधिक तयार होतात. पारा ४५ अंशांवर गेलेला असताना गच्चीवरील काळ्या टाकीत पाणी कसे तापते, हे येथील प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. दोन-चार दिवसांआड पाणी येण्याची या शहरांना सवय असल्याने टाकी, पिंप, हंडा असे सर्व काही भरून ठेवले जाते, ते वेगळेच.

तापीची गोष्ट आणखी निराळी. सुलवाडे बंधाऱ्याजवळ पोहोचेपर्यंत ही नदी बरीच वापरली गेलेली असते. मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर तिच्या काठी आहे. चांगदेवजवळ तिला मिळणारी पूर्णा अमरावती, अकोला, बुलडाणा या जिल्ह्यांच्या कापूस पट्ट्याचे पाणी घेऊन येते. मग हतनूर, भुसावळ आणि पुढे मालेगावकडून येणारी गिरणा. वऱ्हाड आणि खानदेश अशा दोन कापूस प्रदेशांवर पडलेल्या पावसाचे पाणी या एका पात्रात एकत्र येते. एंडोसल्फान आणि मोनोक्रोटोफॉस ही नावे या पट्ट्यातील शेतकऱ्यांना घरच्यासारखी परिचित. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०११ रोजी बंदी घातली. पिण्याच्या पाण्यात मोनोक्रोटोफॉसची मर्यादा लिटरमागे एक मायक्रोग्रॅम आहे. ती मोजण्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफसारखे महागडे यंत्र आणि ते चालविणारा माणूस लागतो. तालुका पातळीवरील नित्याच्या तपासणीत हे होत नाही आणि तशी अपेक्षाही करता येणार नाही.

येथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगणे आवश्यक आहे. हे वाचून कोणी ग्रामपंचायतीला टीसीएल टाकू नका असे सांगू लागले, तर तो अनर्थ ठरेल. क्लोरिनच्या उपपदार्थांचा धोका निर्जंतुक न केलेल्या पाण्याच्या धोक्यापुढे अत्यंत अल्प आहे, ही जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. मूत्राशयाच्या कर्करोगाची किंचित वाढलेली शक्यता तीस वर्षांनंतरची. अतिसाराने बालक दगावते ते तीन दिवसांत. नळाच्या शेवटच्या टोकाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असलाच पाहिजे, हा नियम योग्यच आहे. प्रश्न क्लोरिन घालावा की नाही, हा नाही. तो किती स्वच्छ पाण्यात घातला जातो, हा आहे. धरणातून आलेल्या कच्च्या पाण्यातच क्लोरिनचा मोठा डोस देण्याऐवजी आधी तुरटीने गाळ बसवून, वाळूच्या थरातून गाळून मग तो दिला, तर त्याच क्लोरिनपासून कितीतरी कमी उपपदार्थ तयार होतात.

जाता जाता ओटी टेस्टविषयी. गावोगावचे जलसुरक्षक परीक्षानळीत पाणी घेऊन त्यात दोन थेंब टाकतात आणि पिवळा रंग आला, की क्लोरिन आहे अशी नोंद करतात. या थेंबांतील ऑर्थोटोलिडिन हे रसायन स्वतःच एम्स चाचणीत उत्परिवर्तक ठरलेले आहे आणि कर्करोगाच्या संशोधनासाठीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्याची नोंद संभाव्य कर्करोगजनकांत केली आहे. अनेक देशांत त्याच्या जागी डीपीडी नावाचे दुसरे रसायन वापरात आले. परीक्षानळीतील दोन थेंबांनी गावाला काही होत नाही. पण तपासलेले पाणी पुन्हा हंड्यात किंवा टाकीत ओतू नये आणि थेंब हाताला लागू देऊ नयेत, एवढी सूचना प्रत्येक जलसुरक्षकाला मिळायला हवी.

विहिरींतील नायट्रेट

शहरातून गावाकडे वळले, की चित्र पालटते. तेथे चिंतेचे कारण क्लोरिनपेक्षा नायट्रेट आहे आणि त्यासाठी अंदाजाची गरज नाही, आकडे उपलब्ध आहेत. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक गुणवत्ता अहवालानुसार महाराष्ट्रातील एक तृतीयांशाहून अधिक भूजल नमुन्यांत नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त आढळले. देशातील ज्या पंधरा जिल्ह्यांत ही समस्या ठळकपणे दिसली, त्यांत वर्धा, बुलडाणा, अमरावती, नांदेड, बीड आणि यवतमाळ यांच्यासोबत जळगावचेही नाव आहे.

यामागचे कारण येथील कोणत्याही शेतकऱ्याला विचारावे. रावेर-यावलची केळी देशभर जाते आणि केळीला पाणी व नत्र या दोहोंची भूक मोठी. पिकाने न घेतलेले नत्र नायट्रेटच्या रूपाने पाण्याबरोबर खाली झिरपते. त्यात गुरांचे मलमूत्र आणि शोषखड्ड्यांची भर पडते. ठिबकमधून मोजून खत देणाऱ्यांच्या शेतात हे प्रमाण कमी राहते. पाटपाणी देऊन वर युरियाच्या गोण्या रिकाम्या केल्या, तर ते वाढते.

आयएस १०५०० मध्ये नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसला तरी तीत सवलत नाही. ही मर्यादा ठरली ती तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता कमी होऊन ती निळसर पडतात, या आजारामुळे. जनुकांचा संबंध पुढे लक्षात आला. नायट्रेट स्वतः उत्परिवर्तक नाही. एम्सच्या बशीत ते घातले तर काहीच होत नाही. पण तोंडातील जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि जठराच्या आम्लात ते अन्नातील अमाइनांशी संयोग पावून एन-नायट्रोसो संयुगे तयार होतात. यांतील अनेक संयुगे यकृताचा अर्क घातलेल्या बशीत धडाधड ठिपके उमटवितात. २०१८ मध्ये रक्तदाबावरील वल्सार्टन हे औषध अनेक देशांत परत मागविले गेले, ते याच कुळातील एनडीएमए या रसायनाचा अंश सापडल्यामुळे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संस्थेने पोटात गेलेल्या नायट्रेटला, अशी संयुगे बनण्याजोगी परिस्थिती असेल तेव्हा, ‘बहुधा कर्करोगजनक’ या गटात टाकले आहे. तो अहवाल २०१० चा. क जीवनसत्त्व ही प्रक्रिया रोखते, हा त्यातला दिलासा. जेवणात लिंबू पिळण्याची आपली रीत या दृष्टीनेही वाईट नाही. दुसरीकडे, त्याच कुळातील नायट्रोसामाइन तंबाखू आणि गुटख्यातून थेट मिळतात आणि गालात चिमूट दाबून पाण्यातल्या नायट्रेटची काळजी करणाऱ्याने आधी काय थुंकावे, हे सांगण्याची गरज नसावी.

या उदाहरणातून एक मर्यादाही स्पष्ट होते. केवळ एम्स चाचणीवर विसंबून राहिले असते, तर विहिरीतील नायट्रेट निसटले असते. आर्सेनिकही या चाचणीत सापडत नाही, मात्र तो निर्विवादपणे कर्करोगजनक आहे. उलट, बशीत ठिपके उमटविणारी प्रत्येक गोष्ट माणसाला कर्करोग देते असेही नाही. स्वतः एम्स यांनीच पुढे दाखवून दिले, की कोबी, कॉफी, मसाले यांत निसर्गाने घातलेली रसायनेही तपासली तर त्यांतील बरीच या परीक्षांत दोषी ठरतात. तेव्हा चाचणी हा निकाल नव्हे, ती खूण आहे. खूण मिळाली, की रसायनशास्त्राने पुढचा शोध घ्यायचा.

उकळावे की गाळावे?

वाचकांचा पुढचा प्रश्न घरातील पाण्याविषयीचा असणार. याचे उत्तर पाणी कोठून येते, यावर अवलंबून आहे आणि नेमके येथेच अनेकांची गफलत होते.

नळाचे क्लोरिनयुक्त पाणी उघड्या भांड्यात काही मिनिटे खळखळ उकळले, तर क्लोरोफॉर्म आणि त्याच्यासारखी उडून जाणारी रसायने बऱ्याच अंशी निघून जातात, जंतूही मरतात. माठात किंवा उघड्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्याचा वास जातो, तोही याच कारणाने, मात्र त्याबरोबर संरक्षक क्लोरिनही जातो, हे लक्षात ठेवून ते झाकून आणि स्वच्छ हाताने घ्यावे. गाळणीत सक्रिय कोळशाची कांडी असेल, तर ती सेंद्रिय रसायने धरून ठेवते. पण तिची क्षमता संपते आणि कांडी वेळेवर बदलली नाही, तर तिच्यावर जंतूंची वस्ती होते.

विहिरीचे किंवा बोअरचे नायट्रेटयुक्त पाणी मात्र उकळू नये. उकळून नायट्रेट जात नाही. पाणी आटते आणि उरलेल्या पाण्यात नायट्रेट अधिक दाट होते. कोळसा त्याला रोखत नाही, तुरटी नाही, टीसीएल तर नाहीच. त्यासाठी आरओ लागतो किंवा दुसरा स्रोत. तान्ह्या बाळाचे दूध असे पाणी उकळून त्यात कालविणाऱ्या मातेचा हेतू कितीही चांगला असला, तरी परिणाम उलटा होतो.

कांद्याची मुळे

या चाचण्या खानदेशात होऊ शकतात काय? एम्स चाचणीला निर्जंतुक कक्ष, सालमोनेलाचे प्रमाणित वाण, यकृताचा अर्क आणि प्रशिक्षित हात लागतात. हे काम पालिकेच्या प्रयोगशाळेचे नाही, पण विद्यापीठाच्या आवाक्याबाहेरचेही नाही. १९९० मध्ये स्थापन झालेल्या आणि २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात जीवशास्त्र व रसायनशास्त्राच्या प्रशाळा आहेत. नागपूरला ‘नीरी’ ही राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था १९५८ पासून आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा दोन्ही जिल्ह्यांत आहेत, त्यांच्याकडे स्रोतांची माहिती आणि नमुने गोळा करण्याची व्यवस्था तयार आहे.

त्याहूनही सोपी एक परीक्षा आहे आणि तिला लागणारा मुख्य माल खानदेशात गोणीने मिळतो. स्वीडनमधील आल्बर्ट लेव्हान यांनी १९३८ मध्ये कांद्याच्या मुळांवर रसायनांचा परिणाम पाहण्याची पद्धत मांडली. कांद्याच्या पेशीत अवघी १६ गुणसूत्रे असतात आणि ती चांगली ठसठशीत. लहान कांद्यांचे बूड तपासायच्या पाण्यात टेकवून ठेवायचे, दोन-तीन दिवसांत मुळे फुटतात. मुळांची टोके कापून, रंगवून साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. विभाजन होत असलेल्या पेशींत गुणसूत्रे तुटलेली, चिकटलेली किंवा मागे रेंगाळलेली दिसली, तर त्यांची शेकडेवारी काढायची आणि शुद्ध पाण्यात वाढविलेल्या मुळांशी ताडून पाहायची. १९८० च्या दशकापासून पर्यावरणाच्या तपासणीत ही पद्धत प्रमाण म्हणून वापरली जाते. पदवीच्या वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना कांद्याच्या मुळाची काचपट्टी करणे नवे नाही. अभ्यासक्रमातील तो जुना प्रयोग आहे. फक्त आजवर तो बाटलीतल्या शुद्ध पाण्यावर केला जातो.

नमुने कोठून घ्यावेत, हेही ठरविणे अवघड नाही. वाघूरचे पाणी शुद्धीकरणापूर्वी आणि क्लोरिन दिल्यानंतर, सुलवाड्याचे तसेच, शहराच्या टोकाकडील एखाद्या वस्तीतील गच्चीवरच्या टाकीतले, आणि रावेर-यावलमधील लाल खूण झालेल्या चार-सहा विहिरींचे. एकदा मेमध्ये, एकदा पहिल्या पुरानंतर आणि एकदा थंडीत. एका वर्षात हे काम होते. क्लोरिनपूर्वीच्या आणि नंतरच्या मुळांत फरक दिसला, तर शुद्धीकरण केंद्रात काय बदलायचे, ते कळेल. फरक नसून दोन्हीकडे दोष दिसला, तर तो नदीतून येतो आहे, असे समजून वर शोध घ्यावा लागेल.

आयएस १०५०० मानकात आज तरी अशा जैविक चाचणीचा रकाना नाही. त्यामुळे कायद्याने ती कोणावर बंधनकारक नाही आणि करण्यास कोणाची आडकाठीही नाही.